तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, मग पोकरमध्ये कलर का? उत्तर भास्कराचार्यांच्या ८७५ वर्षं जुन्या हिशोबात आहे

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, सिक्वेन्स मोठा की कलर? लहान पोरगंही सांगेल, सिक्वेन्स. आता तोच प्रश्न पोकर खेळणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, कलर मोठा. पत्ते तेच, ५२. इस्पिक, बदाम, चौकट, किलवरही तेच. मग एका खेळात जो हात जिंकतो, तोच दुसऱ्या खेळात हरतो कसा?

हा नियम कुणी मनाला आलं म्हणून केलेला नाही. त्यामागे साधी मोजणी आहे. जो हात कमी वेळा येतो, तो मोठा. आणि कुठला हात किती वेळा येऊ शकतो हे मोजायची रीत इसवी सन ११५० मध्ये लिहिलेल्या एका संस्कृत पुस्तकात अगदी स्वच्छ दिलेली आहे. पुस्तकाचं नाव 'लीलावती'. लेखक भास्कराचार्य. आणि त्यांच्या जन्मगावावर ज्या गावांनी हक्क सांगितलाय, त्यातलं एक आहे बीड.

भास्कराचार्यांचं एक बरं आहे. त्यांनी स्वतःच आपली जन्मनोंद करून ठेवली. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्म. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर, तेच त्यांचे गुरू. आणि गाव विज्जलविड, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं, विद्वानांनी भरलेलं.

आता हे विज्जलविड कुठलं, यावर दीडेकशे वर्षं वाद चालू आहे. कुणी विजापूर म्हटलं. कुणी जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवलं. आणि काही अभ्यासकांनी विज्जलविडमधला 'विड' ऐकून बीड म्हटलं. बीडच्या बाजूने सांगायचं तर जिल्ह्यातून जाणारा बालाघाटचा डोंगर हा सह्याद्रीचाच फाटा. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तरेच्या सीमेवरून वाहते. याच जिल्ह्यातलं अंबाजोगाई यादवांच्या काळात मोठं ठाणं होतं, आणि 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांचं नावही परंपरेने त्याच गावाशी जोडलं जातं.

पण खरं सांगायचं तर बीडचा दावा मुख्यतः नावाच्या उच्चारावर उभा आहे आणि पाटणचा दावा दगडावर कोरलेल्या लेखावर. दोन्ही सारख्या वजनाचे नाहीत. तो दगड पुढे येईलच.

घराणं मात्र वादात नाही. नऊ पिढ्यांची नावं मिळतात आणि त्यातले बहुतेक विद्वान. पूर्वजांपैकी भास्करभट्ट यांना भोजराजाने 'विद्यापति' ही पदवी दिली होती. त्यांचे वडील त्रिविक्रम हे कवी. नळ-दमयंतीच्या कथेवर 'नलचंपू' लिहिणारे त्रिविक्रमभट्ट ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. हा धागा लक्षात ठेवा, कारण नळाची गोष्ट म्हणजे जुगारात राज्य घालवलेल्या राजाची गोष्ट.

भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. शेवटचे दोन ग्रहताऱ्यांच्या गणिताचे, म्हणजे त्या काळातल्या ज्योतिषाला रोज लागणारे. पण लोकांच्या घराघरात पोचली ती 'लीलावती'. कारण सोपं आहे. त्यात गणित रुक्ष नाही. भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहे, बाजारातला भाव आहे, व्याज आहे.

आणि त्यात एक राजवाडा आहे. वाड्याला आठ दारं. एक दार उघडं ठेवलं, दोन ठेवली, तीन ठेवली, असं करत किती वेगवेगळ्या तऱ्हांनी हा वाडा उघडता येईल? मग त्याच दमात दुसरा प्रश्न स्वयंपाकघरातला. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा चवी आहेत. एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती पदार्थ होतील? वाड्याचं उत्तर २५५, चवींचं ६३.

पद्धत अशी. समजा सहा चवींतून तीन निवडायच्या आहेत. सहापासून उतरत्या क्रमाने तीन आकडे घ्या: ६, ५, ४. त्यांचा गुणाकार १२०. आता एकपासून चढत्या क्रमाने तीन आकडे: १, २, ३. गुणाकार ६. पहिल्याला दुसऱ्याने भागा. २०. झालं. अकरावी-बारावीत संचय या धड्यात जे सूत्र पाठ करावं लागतं, ते हेच.

ही रीत भास्कराचार्यांनी शोधली, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. ते खरं नाही. चवींचे ६३ प्रकार सुश्रुतसंहितेत आधीपासून आहेत. वराहमिहिराने १६ सुगंधी द्रव्यांतून चार-चार घेऊन १,८२० अत्तरं होतात हे मोजलं होतं. सर्वसाधारण नियम नवव्या शतकात कर्नाटकातल्या महावीराचार्यांनी दिला. भास्कराचार्यांचं काम वेगळं. त्यांनी हे सगळं इतक्या नीटसपणे मांडलं की पुढची कित्येक शतकं भारतात गणित शिकायचं म्हणजे 'लीलावती' शिकायची, असं झालं.

शिवाय पुस्तकाच्या शेवटी त्यांनी 'अंकपाश' नावाचं स्वतंत्र प्रकरण दिलं. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत. त्या हातांत अदलाबदल केल्या तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत चार वस्तू, तर २४. आकड्यांत काही आकडे सारखेच असतील तर काय करायचं, तेही सांगितलंय. पाच आकडी संख्या, एकही शून्य नाही, आकड्यांची बेरीज १३, अशा संख्या किती? उत्तर ४९५. आणि हे प्रकरण भल्याभल्या गर्विष्ठ गणित्यांची घमेंड उतरवेल, अशा अर्थाचा टोलाही त्यांनी जाता जाता मारलाय.

आता हीच रीत घेऊन पत्त्यांकडे येऊ. भास्कराचार्यांच्या काळी पत्ते आपल्याकडे नव्हते. गंजिफा आली ती पुढे मुघलांबरोबर. पण मोजणीला त्याने फरक पडत नाही. चवींच्या जागी पत्ते ठेवा.

तीन पत्तीत ५२ मधून तीन पानं. ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६. एकूण २२,१०० वेगवेगळे हात. त्यात ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, फक्त ५२. म्हणजे सरासरी ४२५ डावांत एकदा. प्युअर सिक्वेन्स ४८, म्हणजे खरं तर ट्रेलपेक्षाही दुर्मिळ, तरी रिवाजाने तो दोन नंबरवर बसतो. साधा सिक्वेन्स ७२०. कलर १,०९६. पेअर ३,७४४. आणि उरलेले १६,४४० हात, जवळपास पाऊण हिस्सा, अगदी फालतू. ज्यांना वाटतं आपलं नशीबच फुटकं, त्यांनी हा आकडा एकदा बघावा. चारपैकी तीन वेळा प्रत्येकाच्याच हातात काही नसतं.

पोकरमध्ये पाच पानांचा हात. ५२, ५१, ५०, ४९, ४८ यांचा गुणाकार, भागिले १२०. एकूण २५,९८,९६० हात. आता सिक्वेन्स होतात १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. बाजी उलटली. तीन पानं एकाच रंगाची येणं त्यामानाने सोपं, पाचही पानं एकाच रंगाची येणं अवघड. म्हणून पोकरमध्ये कलर वर. एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा, सगळे एकाच रंगाचे, असा हात सव्वीस लाखांत फक्त चार. साडेसहा लाख डावांत एकदा. सिनेमात हिरोला तो बरोबर शेवटच्या डावात येतो, ती गोष्ट वेगळी.

मग भास्कराचार्यांनी जुगाराचं गणित का नाही केलं? कारण फासे तर तेव्हा घरोघर होते.

इथे नळाची गोष्ट परत येते. महाभारताच्या वनपर्वात नळ राजा द्यूतात सगळं हरतो आणि वेष बदलून ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण झाडाकडे बघूनच पानं-फळं किती ते सांगतो. नळ उतरून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि त्या बदल्यात नळ घोड्यांची. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, हे कळलं की गोष्टीतलं झाड तिथे का आहे ते लक्षात येतं. मोजता येणं आणि जुगार कळणं यांचा संबंध आहे, हे कुणीतरी फार आधी ओळखलं होतं. पण महाभारतात ती विद्या गुप्त आहे. एक राजा दुसऱ्याच्या कानात सांगतो, आणि संपलं.

भास्कराचार्यांनी मोजणी उघड केली, पोरांना शिकवण्याच्या पुस्तकात टाकली. पण एक पायरी उरली. एकूण २२,१०० हात आहेत आणि त्यातले ५२ माझ्या कामाचे, हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून भागायचं. त्या भागाकाराला आज आपण संभाव्यता म्हणतो. ती पायरी 'लीलावती'त नाही. त्यांना किती प्रकार होतात यात रस होता. पुढच्या खेपेला काय येईल यात नाही. छंद किती, चवी किती, मूर्ती किती. त्यात काहीच पणाला लागत नव्हतं.

युरोपात ही पायरी चढली ती पैसे पणाला लागल्यामुळे. सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानो नावाच्या डॉक्टरने फाशांवर पुस्तक लिहिलं. तो स्वतः अट्टल जुगारी होता. पुढे १६५४ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा या दोघांनी पत्रापत्री करून एक प्रश्न सोडवला. डाव अर्ध्यात मोडला तर टेबलावरचे पैसे दोन खेळाडूंत कसे वाटायचे? संभाव्यतेचं शास्त्र तिथून सुरू झालं, असं मानतात.

याच फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांना एक आव्हान दिलं. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं, अशी संख्या शोधा. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. नऊ आकडी! भास्कराचार्यांनी हेच, ६१ चंच उदाहरण 'बीजगणित'मध्ये चक्रवाल पद्धतीने सोडवून ठेवलं होतं, पाचशे वर्षं आधी. फर्माला त्याचा पत्ता नव्हता. संभाव्यतेच्या दारात उभा असलेला माणूस आणि विज्जलविडचा हा पंडित एकाच आकड्यापाशी येऊन भेटतात. दुसऱ्या दारापाशी मात्र त्यांची भेट हुकली.

ती हुकलेली पायरी किती उपयोगाची आहे, ते पोकरच्या एका डावात बघू. टेक्सास होल्डेम या प्रकारात दोन पानं हातात, पाच पानं टेबलावर. समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन बदाम. पाचवा बदाम आला की कलर. तुम्हाला पाच पानं दिसतायत, न दिसणारी ४७. त्यात बदाम ९.

दोन पानं अजून यायचीत. ४७ मधून दोन पानांच्या जोड्या किती? ४७ गुणिले ४६, भागिले २, म्हणजे १,०८१. त्यातल्या एकही बदाम नसलेल्या जोड्या ३८ गुणिले ३७ भागिले २, म्हणजे ७०३. उरल्या ३७८. म्हणजे शंभरात साधारण ३५ वेळा कलर होईल. आठ दारांच्या वाड्याचंच गणित, फक्त शेवटी एक भागाकार जास्त.

आता पैसे. समजा टेबलावर ४०० रुपये जमलेत आणि पुढचं पान बघायला तुम्हाला १०० टाकायचेत. सोय म्हणून धरू की बदाम आला तर डाव तुमचा, नाही आला तर तुमचे शंभर गेले. ४७ पैकी ९ पानं तुमच्या बाजूची. ४७ वेळा हाच डाव खेळलात तर ९ वेळा ४०० मिळतील, ३,६०० रुपये. ३८ वेळा १०० जातील, ३,८००. निव्वळ तोटा २०० रुपये, डावाला साधारण सव्वाचार. हा तोटा टेबलावर कधी दिसत नाही. दिसतात ते जिंकलेले चारशे. वर टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेतो, तो वेगळाच.

पोकरमधलं कौशल्य म्हणजे हाच सव्वाचार रुपयांचा फरक ओळखणं. आणि दहा डाव बदाम आला नाही म्हणून अकराव्याला येणारच, हा भ्रम सोडणं. पत्ते पिसले की त्यांना मागचं काही आठवत नाही. मराठवाड्यात शेती म्हणजे पावसाचा जुगार असं सर्रास म्हणतात, पण शेतकऱ्याला निदान आकाश दिसतं आणि दुबार पेरणी करायची की थांबायचं हे ठरवायला काही दिवस मिळतात. मोबाइलवरच्या टेबलावर काही सेकंद मिळतात.

हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर कोर्टांतही बरंच घासलं गेलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरच्या बाबतीत २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने उलट मत दिलं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही.

नशिबाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट खुद्द भास्कराचार्यांच्याच नावावर आहे. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत वैवाहिक सुख नव्हतं, म्हणून त्यांनी मोठ्या हिशोबाने एकच अचूक मुहूर्त काढला. पाण्यात घटिकापात्र तरंगत ठेवलं. तळाच्या बारीक भोकातून पाणी शिरून ते बुडालं की मुहूर्ताची घटका. मुलगी कौतुकाने वाकून बघायला गेली आणि तिच्या कपड्यावरचा एक मोती गळून पात्रात पडला. भोक बुजलं. पात्र बुडालंच नाही, मुहूर्त टळला. मग बापाने तिच्या नावाने पुस्तक लिहिलं, जे कायम टिकेल.

गोष्ट सुंदर आहे, पण ती येते कुठून? अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं, त्यात. म्हणजे पुस्तकानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. त्यांच्या घराण्याची माहिती देणाऱ्या लेखात मुलीचा उल्लेख नाही. पुस्तकात मात्र एका हुशार मुलीला उद्देशून प्रश्न विचारलेत, तेवढा धागा लोकांना पुरला. सगळा हिशोब बरोबर असूनही एक मोती डाव उलटवतो, ही कल्पना जिने कोणी रचली तिला किंवा त्याला संभाव्यता थोडीफार कळत असावी.

भास्कराचार्य वय झालं तरी थांबले नाहीत. ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. ग्रहांची स्थानं चटकन काढण्याचं हे हाताशी ठेवायचं पुस्तक, पंचांग करणाऱ्यांच्या कामाचं.

पुढची हकीकत त्या दगडावर आहे. पाटणच्या देवीच्या देवळातला शिलालेख, शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. घराण्याची वंशावळ त्यातूनच मिळाली. मुलगा लक्ष्मीधर इतका विद्वान की यादव राजा जैत्रपालाने त्याला नेऊन पंडितांचा प्रमुख केलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर, ज्याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. गाव बीड होतं की नव्हतं, पण या घराण्याचा दरबार आणि बीडच्या मुलखाचा दरबार एकच होता.

चांगदेवाने पाटणला मठ काढला. देवपूजेसाठी नव्हे, तर आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला जमीन आणि उत्पन्न लावून दिलं. लेख सुरू होतो संस्कृतात, पण खर्चाची बाब आली की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण ती बाजारातल्या लोकांना कळायला हवी होती. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून जो कर राजाला जायचा, तो मठाला दिल्याचं त्यात लिहिलंय. म्हणजे पेठेत खरेदी करणारा प्रत्येक माणूस, त्याला माहीत असो वा नसो, कुणाच्या तरी 'लीलावती' शिकण्याचा थोडा खर्च उचलत होता.